टेबलावरचं सीताफळ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या स्टँडवर साकोलीच्या बसची वाट बघत उभी होते. भाऊलाच भेटायला निघाले होते. "आरामानं या, बाई," एवढंच ती म्हणाली... आणि मला कळलं. आता घाई करून उपयोग नव्हता.

तीन आठवडे झाले त्याला जाऊन. माझा थोरला भाऊ साकोलीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. निवृत्त झाल्यावर जवळच्याच एकोडीच्या घरात, पुढच्या खोलीत चित्रं काढत बसायचा. कधीतरी रद्दीतल्या एका पुस्तकात त्याला जुन्या डच चित्रकारांची वस्तुचित्रं सापडली आणि माणूस वेडाच झाला. टेबलावर कवटी, विझलेली मेणबत्ती, अर्धं सोललेलं लिंबू, पाकळी गळालेलं फूल. तिकडचे पैसेवाले व्यापारी म्हणे अशी चित्रं मुद्दाम घरात लावायचे, सगळं इथंच ठेवून जायचंय हे विसरू नये म्हणून. मी म्हणायचे, लोक भिंतीवर देव लावतात, तू मरण लाव. तो नुसता हसायचा. कवटी आपल्याकडे कोण घरात ठेवू देणार? म्हणून तो पाण्याचा पितळी गडवा, विझलेली रॉकेलची चिमणी, धानाची लोंबी आणि एखादं फळ मांडायचा. मांडलेल्या टेबलाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. वहिनीसुद्धा त्याच्या भोवतीनं झाडायची.

दिवाळीनंतर त्याला नागपूरला दवाखान्यात ठेवलं. वहिनी सोबत गेली, घर सांभाळायला मी एकोडीला गेले. टेबलावर गडवा, चिमणी, लोंबी आणि एक सीताफळ होतं. कॅनव्हासवर बाकी सगळं उतरलं होतं, फळाची जागा तेवढी कोरी. आठवड्याभरात सीताफळ फुटलं, काळं पडलं, चिलटं घोंघावायला लागली. आजारी माणूस घरी येणार आणि समोर हे? उचललं आणि नेऊन उकिरड्यावर टाकलं. बाजारातून तेवढ्याच आकाराचं ताजं आणून त्याच जागी ठेवलं. फोनवर त्यानं आधी सीताफळाचीच चौकशी केली. मी म्हटलं, जसं ठेवलं होतं तसंच आहे. त्यानं फोन वहिनीकडे दिला...

घरी आला तो दोघांच्या आधारानं. खाटेवर न जाता आधी टेबलापुढच्या खुर्चीत बसला. फळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मी ते सडाचीच वाट पाहून राहिलो होतो, बाई," तो म्हणाला. "आता दुसऱ्याची वाट पाहाले टाइम नाही माह्याजवळ."

मी रडायला लागले, तर तोच मला समजावत बसला. तुला मी बरा व्हायला हवा होतो, त्यात तुझं काय चुकलं, म्हणाला. मग चार-पाच दिवस रोज थोडा वेळ ब्रश हातात घेऊन फळाकडे बघत बसला. धानाच्या मळणीसाठी म्हणून दोन दिवस मी लाखांदूरला माझ्या घरी आले, आणि तेवढ्यात तो गेला.

तेरवीच्या आदल्या दिवशी बायका घर धुवायला आल्या, तेव्हा मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. कोणाला आत जाऊ दिलं नाही. काल पुन्हा एकोडीला जाऊन आले. मी आणलेलं सीताफळ आता फुटून काळं पडलंय, आक्रसलंय, आतल्या बिया उघड्या पडल्यात. कॅनव्हासवरची जागा अजून कोरीच आहे. वहिनीनं विचारलं, हे काहून ठेवलं, बाई? मी खुर्ची तेवढी टेबलापुढे नीट सरकवली.

भाऊ, झालं रे तुला हवं होतं तसं. ये, काढ आता.