पोळपाटावरची भातलावणी

पळसदरीच्या बंद पडलेल्या भातगिरणीत दर रविवारी आम्ही सहाजण ठसाचित्रं शिकायला जमायचो. सहा माणसं, एक टेबल आणि कोपरापर्यंत काळी शाई. किस्से घडायला आणखी काय लागतं? मी ते सांगायला बसलो की बायको आधीच चहाचं आधण वाढवून ठेवते. गोष्ट सत्तर-बाहत्तरच्या सुमाराची.

शिकवणारे सर मुंबईचे, स्वतः मोठे चित्रकार. मी कर्जतच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, त्यामुळे पहिल्या दिवशी जरा ऐटीतच गेलो. सरांनी हातात पटाशी दिली आणि दिवसभर धार लावायला बसवलं.

"सर, मी दहा वर्षं चित्रकला शिकवतोय," मी म्हणालो.

"छान. मग मुलांना कंटाळा का येतो, ते आज कळेल."

* * *

जस्ताच्या पत्र्यावरचं चित्र कागदावर उतरवायला प्रेस लागतो. तो आणायचा कुठून? सरांची नजर गिरणीशेजारच्या रसवंतीवाल्या बबनरावांच्या उसाच्या चरकावर गेली. पावसाळ्यात तो रिकामाच होता. पत्रा, त्यावर ओला कागद, वर घोंगडीचा तुकडा, असं सगळं आम्ही रुळांमधून काढलं. माझं धरणाचं चित्र उमटलं खरं, पण रुळाच्या खाचांच्या उभ्या रेघांसकट.

"ह्या रेघांचं काय करायचं?"

"पाऊस समजा," सर म्हणाले.

चित्र दोरीवर वाळत घातलं. अर्ध्या तासात त्यावर मुंग्यांची रांग लागली. चरक आम्ही नीट धुतलाच नव्हता! सर वाकून रांग बघत म्हणाले, "उद्घाटनाला गर्दी चांगली आहे."

* * *

आमच्यात कमळबाई एकट्याच बाई. कळंबच्या शाळेत शिक्षिका, एसटीने यायच्या. लाकडाचा ठसा प्रेसशिवाय, कागदावर पळीची पाठ घासूनही उमटतो. आमचे ठसे फिकट यायचे, बाईंचा काळाभोर.

"एवढा दाब कुठून आला?" सरांनी विचारलं.

"तांब्याचे हंडे घासून," बाई म्हणाल्या.

* * *

दिवाळीआधी कर्जतला प्रदर्शन ठरलं. ज्याचे तीन ठसे होतील, त्याचीच चित्रं लागणार. कमळबाईंचे दोन झाले होते. आम्ही पुरुषमंडळी खोपोलीच्या कारखान्यांतून खोक्यांच्या फळ्या आणायचो. बाईंना फळी मिळेना.

"घरात लाकूड नाही काही?" सरांनी विचारलं.

"एक पाट आहे, मामंजींचा. बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला टेकवून ठेवलाय. ते गेल्यापासून आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्यावर कुणाला बसू देत नाहीत."

पुढच्या रविवारी बाईंनी पिशवीतून घरचा पोळपाट काढला. त्यावर भातलावणी कोरलेली, वाकलेल्या बायका गोल धरून उभ्या. कागदावर ती अशी उतरली की आम्ही सगळे हातातलं काम टाकून तिच्याभोवती गोळा झालो. मला तर हेवाच वाटला. पण ती प्रत सरांना पटेना. "ह्या बायकांना जागा कमी पडतेय," ते म्हणाले. "मोठी फळी आणा, मग तिसरा ठसा धरू."

बाईंनी पोळपाट धुतला आणि सवयीने घरी नेऊन जागेवर ठेवला.

* * *

त्यानंतर दोन रविवार बाई आल्या नाहीत. शेवटी कर्जतच्या स्टँडवर भेटल्या.

"आत्याबाईंनी त्याच पोळपाटावर पोळी लाटली," त्या म्हणाल्या. "तव्यावर टाकायला उचलली, तर पोळीभर बायका उमटलेल्या. म्हणाल्या, 'ह्यातली कडंची मी हाय. मलाच भाजू व्हय गं?' माझं येणं बंद केलंय."

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. मला फार वाईट वाटलं. सरांनी यादीतलं बाईंचं नाव मात्र खोडलं नाही.

* * *

शेवटच्या रविवारी गिरणीच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, मागे मान खाली घालून कमळबाई. म्हातारी थेट दोरीपाशी गेली. लावणीचा ठसा तिथेच लटकत होता. कडेच्या बाईवर तिनं बोट ठेवलं.

"कंबर येवडी वाकडी नाय माझी," ती म्हणाली.

मग सरांसमोर बसून तिनं गोणपाट सोडलं. आत पाट होता, तेल लावून पुसलेला. पदरानं तो पुन्हा एकदा पुसून तिनं सरांच्या पुढ्यात सरकवला.

"ह्यो घ्या, मास्तर. पोळपाट ल्हान पडतो तिला."