भुताचं नाव

भगतानं माझे केस मुठीत धरले आणि कडुलिंबाची डहाळी सपकन पाठीवर ओढली. भरदुपारी, सासऱ्याच्या अंगणात. अर्धं गाव बघायला बसलेलं. माझा पदर मातीत. मी सोळा वर्षांची.

सासरा गावचा पाटील. शेलूबाजारला गेला तरी लोक उठून त्याला जागा देत. त्याचा मुलगा, माझा नवरा, मला रोज मारायचा. कारण लागायचं नाही. पहिल्या वर्षी मी रडले. मग वेगळंच सुरू झालं. त्याच्या वहाणा दाराशी करकरल्या की हात थरथरायचे, थापता थापता भाकर तुटायची. तुटक्या भाकरीसाठी पुन्हा मार. पुढे दातखीळ बसू लागली. बोलणं बंद झालं. कधी लुगडं ओलं व्हायचं आणि मला कळायचंही नाही. त्याची फार लाज वाटायची.

माय भेटायला आली. वळ बघितले. म्हणाली, "पाटलाचं घर हाय, बाई. नांदून घे." आणि गेली. त्या दिवशी माझ्यातलं सगळं संपलं.

सासू म्हणाली, "हिले बाधा झाली." मलाही ते पटलं. माझ्या अंगात कोणीतरी शिरलंय, असं मीच मानत होते.

"कोन हायेस तू? नाव सांग, मंग सोडतो!" भगत ओरडत होता.

रीतच होती ती. भूत नाव सांगेपर्यंत मार थांबत नसे. बायका विहिरीत जीव दिलेल्या कुणा बाईचं नाव घेत आणि सुटत. मीही तसं नाव शोधू लागले. पण मेलेल्या बायकांनी माझं काय बिघडवलं होतं? ओसरीवर नवरा पान चघळत होता. त्यानं पाय हलवला. वहाण करकरली. माझे हात थरथरले.

तेव्हा कळलं.

लग्नात उखाण्यातही जे लाजून घेतलं नव्हतं, ते नाव मी घेतलं. "गणपत."

"कोन गणपत?"

"तो, ओसरीवर बसला हाय तो. काढा त्याले माह्या अंगातून."

"नवऱ्याचं नाव घेते, अवदसा!" सासू किंचाळली.

सासरा शांतपणे म्हणाला, "भूतच बोलून राह्यलं. मार अजून."

"भूत नाही जी. मीच बोलून राह्यली."

डहाळी मोडेपर्यंत मी तेच नाव घेत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला घराबाहेर हाकललं.

हात अजून थरथरतात. भाकर अजून तुटते. हे बरं होणार नाही, मला ठाऊक आहे. पण कुठल्याही अंगणात एखाद्या पोरीला असं बसवलं, की मी जाऊन तिच्यासमोर बसणार. सांगणार, "मेल्या बाईचं नाव नको घेऊ, पोरी. जित्याचं घे."