ओढ्याकाठची पाथरी

मी तेव्हा सांगोल्याकडच्या एका सरकारी बियाण्याच्या शेतावर नोकरीला होतो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. ज्वारीत तण माजलं, तसा वरून हुकूम आला की तणनाशक विमानातून फवारायचं. आमच्याकडे खुरपी होती, खुरपणाऱ्या बायका होत्या. पण विमान म्हटलं की साहेबांचा ऊर भरून यायचा.

शेताला लागून ओढा होता. त्याच्या काठी पाथरी, घोळ, तांदुळजा असल्या रानभाज्या उगवायच्या. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो त्या मावशींनी दुष्काळात चार लेकरं या पाल्यावर जगवली होती. अजूनही घरात रोजची भाजी तीच. आमच्या यादीत मात्र ही सगळी नावं तणांमध्ये होती. मावशींना वाचता येत नव्हतं, हे बरंच होतं.

"वारं सुटलं तर औषध ओढ्याकडं येईल," मी त्यांना सांगितलं. "भाजी झाकून ठेवा." माझ्या या हुशारीवर मी खूश होतो.

घरात जाड सोलापुरी चादरी होत्या. पण पाहुण्यांच्या चादरी औषधात घालायच्या म्हणजे काय! मावशींनी पेटीतून नवऱ्याची जुनी धोतरं काढली, स्वच्छ धुतली आणि काठावर एका रांगेत अंथरून वर दगड ठेवले. मी त्यांना शाबासकी दिली.

कुठे फवारायचं हे विमानाला कळावं म्हणून शेताच्या टोकाला पांढरं धोतर धरून माणूस उभा करायचे. तो माणूस मीच होतो.

वारा त्या दिवशी पडलेलाच होता. विमानाने ज्वारी उरकली, ओढ्याकाठची पांढरी रांग पाहिली आणि तिच्यावरूनही नेमाने दोन फेऱ्या मारल्या. मी जोरजोरात हात हलवले. वैमानिकानेही हलवला.

धोतरं भिजून पाल्याला चिकटली. आठवड्यात सगळा काठ पिळवटून वाळला. तिथलं काही खाऊ नका, हे सांगायला मीच गेलो.

पुढे मी अहवाल लिहायला बसलो, तर मावशी म्हणाल्या, "काय लिवलंस? वाच की."

मी वाचलं, "तणाचा बंदोबस्त समाधानकारक."

"आन माज्या भाजीचं?"

तसा रकाना न्हाय, म्हणालो. खरं तर शेऱ्यासाठी खाली चार ओळी कोऱ्या होत्या. साहेबांच्या भीतीने मी त्या तशाच सोडल्या आणि सही केली.

मग मावशींनी जेवायला वाढलं. सगळ्यांच्या ताटात भाकरी आणि मीठ होतं. मला फार लाज वाटली. तरी दोन भाकरी खाल्ल्या.