गुळाची वाट, धुळीची वाट

"अहो डॉक्टर, रोज गूळ वाटतो आम्ही! मग धुळीचा प्रश्न येतोच कुठे?"

करंदीकरसाहेबांनी हे इतक्या ठामपणे विचारलं की कॉलेजातला एखादा महत्त्वाचा तास आपण बुडवला होता की काय, असं मलाच वाटलं. साहेब एका फाउंड्रीचे, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचे, वर्क्स मॅनेजर होते आणि मी तिथली डॉक्टर. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सातपूरला नवे कारखाने भराभर उभे राहत होते, आणि पांढरा कोट घातलेली बाई कामाच्या शेडमध्ये शिरली की लोक अजून माना वळवून बघत.

भांडण लक्ष्मण भोयेवरून चाललं होतं. तो बाहेर बाकावर बसून होता. सुरगाण्याकडचा, काटक माणूस. त्याचं काम सँडब्लास्टिंगचं. म्हणजे लोखंडाचं कास्टिंग साच्यातून निघालं की त्यावर हवेच्या जोराने रेती मारायची आणि ते घासून लखलखीत करायचं. ही रेती सिलिकाची. ती लोखंडावर आपटून फुटते आणि तिची धूळ होते. डोळ्यात जाते ती जाडी धूळ फारसं बिघडवत नाही. दिसत नाही ती बारीक धूळ फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथून उठायचं नाव घेत नाही.

"बाई, औंदा घाट चढवंना," लक्ष्मणने मला सांगितलं होतं. "भाताच्या आवणीला घरी गेलो तर म्हातारी आय माझ्या म्होरं पोचली. मीच मागं बसलो दम खात."

गावच्या डॉक्टरने टीबी ठरवून औषध चालू केलं होतं. मी थुंकी तपासून घेतली. टीबी नव्हता. मग एक्सरे काढला. दोन्ही फुफ्फुसांवर कुणीतरी रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके होते. याला सिलिकोसिस म्हणतात.

"मग गोळ्या द्या त्याला," साहेब म्हणाले.

"याला गोळी नाही. फुफ्फुस एकदा कडक झालं की पुन्हा मऊ होत नाही. आज धुळीतून काढलात तर उरलेला श्वास टिकेल, अशी आशा तरी आहे. तिथेच ठेवलात तर गुदमरून मरेल."

"पंपांची ऑर्डर जायचीय. त्याच्यासारखा हात दुसरा नाही."

"दुसरा उभा केलात तर काही वर्षांनी तोही त्याच बाकावर येऊन बसेल. मला माणूस बदलून नकोय, रेती बदलून हवीय."

यावर पुन्हा गूळच पुढे आला. शिफ्ट सुटली की गेटवर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची तिथे पद्धत होती. गूळ धूळ खाली ओढतो, अशी मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची श्रद्धा. तोंडाला फडकं बांधायचं, संध्याकाळी गूळ खायचा, की झालं. घशाला बरं वाटतं हे खरंच. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. दोघांची गाठ पडायची कुठे? हे मी चित्र काढून समजावलं. साहेबांनी चित्र छान असल्याचं सांगितलं.

मला संताप आला. पण संतापून पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? मी म्हटलं, "साहेब, ब्लास्टिंग शेडमध्ये चला. जेवणाची सुट्टी झालीय, मशीन बंद आहे."

"मग तिथे बघायचं काय?"

"तेच बघायचंय."

लक्ष्मणही मागोमाग आला. शेडमध्ये सगळं शांत होतं. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "बघा, हवा स्वच्छ आहे."

मी लक्ष्मणला दारं लावायला सांगितली. आत अंधार झाला. छपराच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून दुपारच्या उन्हाची तिरीप उतरत होती. साहेबांना मी नेमकी तिच्याशेजारी उभं केलं. त्या उजेडात धूळ नुसती खदखदत होती. साहेबांनी श्वास सोडला की पांगायची, घेतला की त्यांच्या नाकाकडे सरकायची.

साहेब झटकन मागे झाले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला.

"गूळ मागवू का?" मी विचारलं.

लक्ष्मण खो खो हसला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो थांबेचना. अंधारात आम्ही दोघं तो ऐकत उभे राहिलो. साहेबांनीच जाऊन दार उघडलं.

त्यानंतर कामं भराभर झाली. रेतीच्या जागी लोखंडी ग्रिट, म्हणजे लोखंडाचे बारीक कण, आली. ब्लास्टिंगला बंद खोली आणि धूळ ओढणारा पंखा बसला. आतल्या माणसाला डोकं-तोंड झाकून बाहेरची ताजी हवा पुरवणारं हूड मिळालं. शेड कोरडी झाडणं बंद झालं, आधी पाणी मारायचं आणि मग झाडायचं. ओतकामाच्या बाजूला मात्र पाणी नाही, कारण वितळलेल्या लोखंडाला पाणी लागलं तर स्फोट होतो. तिथे धूळ ओढून घेणारं मशीन आणलं. साचे मात्र रेतीचेच बनतात, म्हणून तिथे काम करणाऱ्यांना फिल्टरचे मास्क दिले.

आणि कामगार चिडले! मास्क आला म्हणजे आता गूळ बंद होणार, अशी बातमी पसरली होती. मी साहेबांना सांगितलं, गूळ चालू ठेवा. फक्त आता शिफ्टला आत येताना वाटा, आणि वाटायला लक्ष्मणला बसवा.

लक्ष्मण धुळीतून सुटला. त्याचा गेलेला श्वास मी परत देऊ शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण उरलेला बरीच वर्षं टिकला. गेटवर तो गुळाची परात घेऊन बसायचा आणि आधी प्रत्येकाचा मास्क बघायचा. एकदा एक नवा कामगार त्याच्याशी हुज्जत घालत होता. "मास्कात जीव घुसमटतो. गूळ दे, तेवढ्यानं भागतं."

"गूळ प्वाटात जातो," लक्ष्मण म्हणाला, "आन् धूळ..."

पुढचं बोलायला त्याला दम पुरला नाही. परात मांडीवर ठेवून तो श्वास गोळा करत राहिला. नव्या माणसाने ते पाहिलं आणि गूळ न घेताच मास्क आणायला परत गेला.

सुरक्षिततेवर मी पुढे पुष्कळ व्याख्यानं दिली. त्यातलं एकही इतक्या लवकर कुणाला पटलेलं मला आठवत नाही.