अंदाजेंचं न आलेलं वादळ

आमच्या गल्लीत सध्या अशी आवई उठली आहे की अंदाजेंनी ते वादळ मुद्दाम लिहिलं. जावयाशी बिनसलंय, पोरगी-जावई घरी येऊ नयेत म्हणून त्यांनी बोटच बंद पाडली. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये ही आवई जन्मली आणि एक दाढी होईपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. मीही कान टवकारून ऐकली, नाही कशाला म्हणू? पण ती साफ खोटी आहे. सासरा-जावई दर रविवारी फोनवर बुद्धिबळ खेळतात आणि जावई मुद्दाम हरतो. मला कसं ठाऊक? आमच्या नि त्यांच्या गॅलरीत साखरेची वाटी हातोहात देता येईल एवढंच अंतर आहे. माझा काय इलाज?

अंदाजे हे त्यांचं आडनाव नव्हे, आम्ही चिकटवलेलं नाव. हवामान खात्याच्या विभागीय कार्यालयात बसून पुढच्या आठवड्यात आपल्या भागात काय होणार ते लिहायचं, ही त्यांची नोकरी. तब्येत कशी आहे विचारलं तरी 'अंशतः ढगाळ' म्हणतील असा चेहरा.

गल्ली मात्र त्यांचा अंदाज कधी वाचत नसे. गल्ली बघायची वहिनींची दोरी. नवऱ्याने पाऊस लिहिला आणि वहिनींनी गॅलरीत चादरी वाळत घातल्या, की अख्खी गल्ली छत्र्या घरी ठेवून कामाला निघायची. "तुम्ही तुमचं लिहा हो, मला चादरी वाळवायच्यात," असं वहिनी तोंडावर सांगायच्या आणि साहेब गालातल्या गालात हसायचे.

मग वहिनींनी अंथरूण धरलं आणि दोरी रिकामी राहू लागली.

एका सकाळी डॉक्टर पायऱ्या उतरताना म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या." मुलगी समोरच्या बेटावर, तिथल्या शाळेत शिकवते. तिथून बोट दिवसाला एकच, सकाळची, आणि ती सुटून गेलेली. "उद्याच्या बोटीने निघ," असं तिला फोनवर सांगून साहेब कार्यालयात गेले. आठवड्याचा अंदाज त्याच दिवशी द्यायचा होता.

संध्याकाळी परतले ते खांदे पाडून. समुद्रात वादळ जमत होतं. त्यांनी लिहिलेल्या ओळीवरून बंदराने बोट बंद केली होती.

गॅलरीत उभे राहून ते फोनवर बोलत होते. पोरीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, इथे पाणी अगदी शांत आहे हो!"

"उद्यापासून खवळेल."

"नक्की?"

"अंदाज आहे, बाळा."

माझ्या जिभेला हाड नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "साहेब, सकाळी सुधारित अंदाजही तुम्हीच लिहिता ना? 'खवळलेला'च्या आधी एक 'किंचित' टाका की. बोट सुटेल, पोरगी येईल. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच कुंडीला पाणी घालायला लागलो. "बोटीत माणसं बसतात हो," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

सकाळी 'किंचित' आलं नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नाही. वादळ समुद्रातच घुटमळत बसलं. येतंय म्हणावं तर येईना, गेलं म्हणावं तर जाईना. आमच्या डोक्यावर मात्र स्वच्छ ऊन. मी सूप घेऊन गेलो, तर धुतलेले कपडे घरातच खुर्च्यांच्या पाठींवर पसरलेले. हा माणूस स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवणारा गल्लीतला एकटाच.

वहिनींनी डोळे उघडले. "भावजी, यांचं वादळ वाटेत चहाला थांबलंय वाटतं." मग नवऱ्याकडे बघून, "कपडे बाहेर घाला ना. कुबट वास येतोय."

"पाऊस येईल गं."

"नाही येत." आणि थोड्या वेळाने, हळूच, "ती निघाली का?"

साहेब एका ओल्या बाहीची सुरकुती काढत राहिले. मी चमचा ढवळत राहिलो.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. वादळाने त्याच संध्याकाळी तोंड फिरवलं आणि भर समुद्रात विरून गेलं. आमच्याकडे एक थेंब पडला नाही. मुलगी पहिल्या बोटीने आली. बापाला एका शब्दाने बोलली नाही, आईची खाट आवरत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज साहेब पहिल्यांदाच दोरीवर चादर घालत होते. वाकडी, एक टोक जमिनीला टेकलेलं. खालून सलूनवाला जात होता. त्याने मान वर केली. "काय साहेब, आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं तेव्हा! येऊ द्यायचं होतं की पोरीला."

साहेबांनी तोंडात धरलेला चिमटा काढला. "पुढच्या आठवड्याचं विचार. मागच्या आठवड्याचं तुलाही सांगता येतं."