राखेतली पावलं

आमच्या अंगणात दोन आठवडे एक भूत येत होतं आणि ते रोज थोडं थोडं सुधारत होतं.

मी मस्कतला पाण्याचा टँकर चालवतो. आठवीत शाळा सोडली, तरी देवानं दोन घास नीट दिलेत, तक्रार नाय. फक्त लांब राहून माणूस संशयी होतो. घरून फोन आला की वाटतं, काय झालं? नाही आला की वाटतं, नक्कीच झालं.

गेल्या सुट्टीत नाते गावाजवळच्या आमच्या वाडीत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सारवलेल्या अंगणात राखेची पावलं दिसली. एक डावं, मग उजवं-डावं जवळजवळ. पुढं जमीन कोरी. आणि चार हात सोडून पुन्हा दोन पावलं!

वहिनीनं वाकून तपास केला. "भावोजी, हा चालत आला, इथनं उडाला, तिकडं उतरला."

"कोण?"

"त्येच तर. माणूस असता तर मधी पाय टेकला असता. परदेशवाल्याच्या घरावर नजर असतेच लोकांची."

मी पावलं झाडून टाकली, दाराला लिंबू-मिरची टांगली. दुसऱ्या दिवशी उडी वीतभर लांब पडलेली. (लिंबू भुताला मानवलं असावं.) मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तळव्यांवर नजर ठेवू लागलो. शेजाऱ्यांनी दिलेले फणसाचे गरे आधी गाईला घातले. गाईला काही झालं नाही, तेव्हा मला गाईचा संशय यायला लागला.

खरा संशय घ्यायचा तो घेतलाच नाही. माझी मुलगी सायली, बारावीतली, व्हॉलीबॉल खेळायची. अलिबागला जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि फॉर्मवर बापाची सही हवी होती. "उड्या मारून गुडघे गेले म्हणजे?" असं म्हणून मी मस्कतहूनच खेळ बंद करवला होता. ती रडली नाही, भांडली नाही. तिथंच ओळखायला हवं होतं.

निवडीला तीन दिवस उरले असताना, वहिनीच्या सल्ल्यानं, मी अंगणभर राख पसरली. भूत कुठून येतं ते तरी कळेल! उजाडायच्या सुमारास पेंढ्याच्या उडवीमागं दबा धरून बसलो.

दार करकरलं. सायली बाहेर आली. तिनं उजवा हात वर करून आकाशात काहीतरी फेकलं. (हातात काहीच नव्हतं.) त्या नसलेल्या वस्तूकडं टक लावून बघितलं, धावली, उडाली, हवेत धनुष्यासारखी मागं वाकली आणि हवेलाच सणसणीत चापट मारली.

"अंगात आलंय पोरीच्या!" म्हणत मी तिला धरायला झेप घेतली.

"बाबा, थांबा!"

पण हवेत गेल्यावर थांबता येत नाही, हे आठवीपर्यंत शिकवत नसावेत.

मी पडलो. घोटा टम्म सुजला. बायको गरम पाणी घेऊन आली, जरा जास्तच शांतपणे.

"तुला माहीत होतं?"

"चुलीतली राख तिला कोण देत होतं मग?"

सायली माझ्याजवळ येऊन बसण्याऐवजी माझ्या पावलाच्या ठशाजवळ बसली. "बघा, एकाच पायावर उतरलात, तोही ताठ. सगळा भार एका सांध्यावर आला. जंप सर्व्हला, म्हणजे उडी मारून सर्व्हिस करताना, उडी पुढं जाते, म्हणून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचं. जमतंय का ते कळावं म्हणून मी तळव्यांना राख लावत होते. तुम्ही रोज झाडून टाकलीत."

"अगो, पण चेंडू कुठं हाय?"

"चेंडू आपटला असता तर तुम्ही जागे झाला असता."

"आणि गुडघे?"

"मी दोन आठवडे उडतेय, मला काय नाय झालं. तुम्ही एकदाच उडालात."

मी फॉर्म मागितला. तिथंच पाटावर फॉर्म ठेवून सही केली.

रविवारी लंगडत अलिबागला गेलो. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. मला वाटलं, आता हिचं नाव गेलं तर ते मी झाडून टाकलेल्या राखेमुळं. दुसरीला ती उंच उडाली, चेंडू पलीकडं कोपऱ्यात आदळला आणि सायली दोन्ही पायांवर, मांजरासारखी अलगद उतरली. नंतरच्याही तशाच.

यादीत तिचं नाव लिहून निवड करणाऱ्या मॅडम माझ्याकडं वळल्या. "उतरणं फार सुरेख आहे हो मुलीचं. घरी कोणी शिकवलं?"

मी नम्रपणे नाही म्हणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात सायली म्हणाली, "बाबांनी."

माझी छाती फुगली.

"म्हणजे, कसं उतरायचं नाय ते."

मॅडमनी माझ्या पट्टी बांधलेल्या पायाकडं बघितलं. त्यांना लगेच पटलं.