अजिंक्यताऱ्यावर सावधान

मंडळी, आज संध्याकाळी आई-अण्णांना साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेलो होतो. दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो घरात नाही, म्हणून.

किल्ल्याच्या दरवाजात उन्हाचा मस्त तिरपा उजेड पडला होता. पण अण्णा पडले रिटायर्ड सुभेदार. मी मोबाईल वर केला की टाचा जुळल्या, छाती बाहेर, मुठी पँटच्या शिवणीला! आणि मधे अजून एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून आई.

"अण्णा, जरा हसा की."

"फोटोत कशाला हसायचं रं?"

"आवं, इकडं सरका तरी," आई म्हणाली. अण्णा हलले नाहीत.

शेवटी वैतागून मीच ओरडलो, "विश्राम!"

अण्णा खरंच सैल पडले. तेवढ्यात वाऱ्यानं आईचा पदर उडाला, अण्णांनी तो चटकन धरला आणि दोघं एकमेकांकडं बघून हसली. मी बटण दाबलं.

परत येताना आई गाडीत तोच फोटो बघत बसली होती. म्हणाली, "ह्यो मला पाठीव. फेसबुकावर न्हाई टाकायचा. आमचा हाय त्यो."

म्हणून खाली दिसतोय तो सावधानमधलाच. तुमच्या घरी आहे का असा एखादा न दाखवायचा फोटो?